गुणगुण कोणी कापली?

१

तोफ जिना चढून वर आली तेव्हा तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने दचकून पेशंटच्या तोंडातला हात काढून घेतला. खोटं वाटत असेल तर त्या पेशंटला विचारा, दात अजून तिथेच आहे.

"चोरी झालीय!" ती दारातूनच ओरडली. "आत्या, माझ्या भावाचा शेवटचा शब्द चोरलाय कुणीतरी!"

"बस आधी. आणि हळू बोल, मी अजून बहिरी झालेली नाही. तुझं गाणं वाजत राहिलं तर होईन."

ही आत्या म्हणजे माझी जुनी सहकारी. आम्ही दोघं रेडिओवर होतो. मी नाटकांसाठी आवाज काढायचो. पत्रा हलवून असं वादळ उठवायचो की ऐकणारे वाळत घातलेले कपडे काढायला धावायचे. आत्या ध्वनिफीत ब्लेडने कापायची आणि जोडायची. एका बड्या पुढाऱ्याच्या भाषणातला खोकला तिने इतक्या सफाईने काढला की त्या पुढाऱ्याचा खोकलाच बरा झाला. निवृत्तीनंतर कापायला फीत उरली नाही, तेव्हापासून ती माणसं कापते. सगळे तिला कात्री आत्या म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे.

तोफ तिची भाची. 'धनुर्वात' नावाच्या रॉक बँडमध्ये गाते. गाणं गंजक्या खिळ्यासारखं घुसलं पाहिजे, म्हणून हे नाव. तिचा धाकटा भाऊ लंबू त्याच बँडमध्ये गिटार वाजवायचा. गेल्या वर्षी एका हॉलमध्ये कार्यक्रम चालू असताना, हातात गिटार घेऊन त्याने गायला माइकला ओठ लावले आणि जागच्या जागी गेला. विजेचा धक्का. चौकशी झाली, 'अपघात' म्हणून मिटली. तोफेच्या लेखी मात्र तो खून होता आणि खुनी हॉलचा मालक. तिने वर्षभर दात-ओठ खाऊन एक गाणं केलं, 'तुझ्या भिंतीत'. त्या आठवड्यात ते प्रकाशित झालं आणि वणव्यासारखं पसरलं. समीक्षकांनी लिहिलं, असा प्रामाणिक राग ऐकून वर्षं झाली. बसमध्ये, चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे जावं तिथे तेच कडवं कानावर यायचं:

तुझ्या भिंतीत वीज, तुझ्या कमरेला किल्ली,
माझ्या भावाची बोटं तुझ्या तारांनी खाल्ली.
मालक, दार उघड, हात दाखव!

आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या ठेक्यावर भुंकायला लागली होती.

"गाणं तर सगळीकडे वाजतंय," आत्या म्हणाली. "चोरलं काय?"

"शेवट! गाण्याच्या शेवटी मी त्या दिवसाचं खरं रेकॉर्डिंग जोडलं होतं. एका श्रोत्याने फोनवर केलेलं. स्पीकर भोंग्यासारखा गुणगुणत असतो. मी ओरडते, 'लंबू, तो भोंगा बंद कर, नाहीतर मी गात नाही!' तो हसतो आणि म्हणतो, 'ताईसाहेबांचा हुकूम!' थोड्या वेळाने गुणगुण थांबते, लोक शिट्ट्या मारतात आणि तो पहिला झंकार काढतो. तिथे गाणं संपतं. त्याचं शेवटचं बोलणं होतं ते, आत्या. बाहेर आलेल्या गाण्यात फक्त शिट्ट्या आहेत आणि झंकार. माझा भाऊ गायब!"

"मूळ फाइल असेल ना? चढव परत."

"आहे माझ्याकडे. चढवणारच आहे. पण आधी हात कुणाचा ते कळू दे. फाइल बनवली कानसेनने. ती नेऊन दिली हातोड्याने. चढवली मामाने." तिने ओठ चावला. "चौथ्या कुणाचा हात लागलेला नाही. आणि तिघंही माझेच आहेत."

२

कानसेन म्हणजे बँडचा ध्वनिमुद्रक. त्याच्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना फोम, दाराला फोम, आणि मला तर वाटतं माणूससुद्धा आतून फोमचाच. आम्ही आत शिरलो तेव्हा तो हेडफोन लावून बसला होता. चेहरा असा, की कुणीतरी त्याच्या पानात खडा टाकलाय.

"मी नाही!" तोफेने तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला. "माझ्यावर संशय घेतलास तर ही खोली पेटवून देईन. आधी हे ऐका."

त्याने बाहेर आलेल्या गाण्याचा शेवट लावला. शिट्ट्या, गलका आणि त्यात एक खोकला. पुन्हा शिट्ट्या. पुन्हा तोच खोकला.

"एकच खोकला दोनदा!" कानसेन किंचाळला. "गर्दीचा तुकडा कापून परत चिकटवलाय, रिकामी जागा भरायला. ठिगळ! माझ्या नावावर ठिगळ! मी गटारातलं पाणी गाळून गंगाजळ करणारा माणूस!"

"तुला ती गुणगुण आवडत नव्हती म्हणे," आत्या म्हणाली.

"कुणाला आवडते? मी पहिल्याच दिवशी हिला सांगितलं, ही घाण काढू दे, पाच मिनिटांचं काम. ही म्हणाली, हात लावलास तर बोटं तोडीन. मग मी नाद सोडला. मला काढायचीच असती तर तेव्हाच काढली असती, आणि हिला पत्तासुद्धा लागला नसता."

"हे मात्र खरं," आत्या पुटपुटली आणि तोफेकडे वळली. "हा शेवट याच्याआधी कुणी ऐकला होता?"

"कुणी नाही. रेकॉर्डिंग मला अगदी शेवटी मिळालं. कानसेनने जोडलं आणि फाइल निघायच्या दिवशी इथेच सगळ्यांनी एकदा ऐकलं. मी, हा, मामा, हातोड्या."

"ऐकून कोण काय म्हणालं?"

कानसेनने आठवून पाहिलं. "मामा रडला. तो जाहिरात बघूनही रडतो. हातोड्या काहीच बोलला नाही. पेन ड्राइव्ह उचलला आणि निघाला."

"तो कधीच काही बोलत नाही," तोफ म्हणाली. "म्हणून तर ड्रम वाजवतो."

आत्याने ठिगळ आणखी एकदा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. बोटांनी टेबलावर हलकेच काहीतरी वाजवलं आणि उठली.

"चल, तुझ्या मामाला भेटू. आईकडच्या माणसांवर मला पहिल्यापासून भरवसा नाही."

३

मामा तोफेच्या आईचा धाकटा भाऊ आणि बँडचा व्यवस्थापक. त्याच्या घरातल्या तीन फोनपैकी एक कायम वाजत असतो आणि दुसऱ्यावर तो कुणाला तरी सांगत असतो की तिसरा बिघडलाय.

"या आत्याबाई," तो म्हणाला. "आज इकडे कुठे वाट चुकलात? कुणाचं लग्न मोडायचंय?"

"तुमचं मोडायला आधी व्हायला हवं होतं. फाइलचा शेवट कुणी कापला?"

मामाचा चेहरा पडला. मग चढला. "म्हणजे माझ्यावर आळ? ज्या भाच्याला खांद्यावर खेळवलं त्याचा आवाज मी कापीन?"

"मामा, तू घाबरट आहेस," तोफ म्हणाली. "कोर्टाच्या नुसत्या नावाने तुला ताप येतो."

"येतो! अजूनही आहे!" त्याने खरंच कपाळ पुढे केलं. "तुझ्या पाया पडलो होतो की नाही, ते 'मालक' असलेलं कडवं काढ म्हणून? वकील सांगत होता, अब्रूनुकसानीचा दावा लागेल. ऐकलंस तू? आणि आता तर त्याच्याही पुढे गेलंय. हे बघ."

त्याने फोन दाखवला. तोफेच्या चाहत्यांनी हाळी दिली होती. आज संध्याकाळी सगळ्यांनी हॉलसमोर जमायचं, कडवं म्हणायचं आणि 'दार उघडायचं'. दार कसं उघडायचं तेही काहींनी लिहिलं होतं. एकाने पेट्रोलच्या डब्याचं चित्र टाकलं होतं.

"यायचंय तुलाही," मामा म्हणाला. "तूच पुढे उभी राहून गाणार, असं सगळीकडे पसरलंय."

"राहीन की!" तोफ म्हणाली. "पेटला तर पेटू दे."

आत्याने तो फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "मामासाहेब, समजा भीतीपोटी तुम्हाला गाण्यातलं काहीतरी चोरून कापायचं आहे. काय कापाल?"

"कडवंच! दुसरं काय? त्या गुणगुणीला कोण वकील लावतो?"

"अगदी बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोललात." तिने पर्स काखेत मारली. "कडवं जसंच्या तसं आहे. ज्याला मालकाची भीती असेल त्याने ते कापलं असतं. इथे कुणाला तरी गुणगुणीची भीती वाटली. गुणगुणीला कोण घाबरतं, वादळ्या?"

वादळ्या म्हणजे मी. मला उत्तर सुचलं, आणि ते सुचल्याचं मला बरं वाटलं नाही.

४

हॉलच्या दारावर लाल रंगाने कडवं लिहिलं होतं. मालक बादली आणि घासणी घेऊन ते पुसत होता. तोफेला पाहताच त्याने घासणी बादलीत आपटली. पाणी आमच्या पायांवर उडालं.

"आलात? संध्याकाळपर्यंत धीर नाही निघाला?"

"दार उघड," तोफ म्हणाली.

"उघडंच आहे! वर्षभर उघडं आहे! एक तरी कार्यक्रम होतोय का आत? माझी मुलगी शाळेतून रडत घरी येते. वर्गातली पोरं तिला म्हणतात, हात दाखव. नऊ वर्षांची आहे ती. हात दाखवते बिचारी!"

"माझ्या भावाचं वय विचारा ना मला!"

"थांबा दोघंही," आत्या मध्ये पडली. "मालक, अर्थिंगचं काय होतं?"

"काय असणार? दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले, एकेक सॉकेट तपासलं, सगळं शाबूत. कागद दिला मला. मी तो छापून आणला, लोकांना वाटला. पण कागदाला चाल नसते, बाई. तो कुणी गुणगुणत नाही."

"तपासणीवाल्यांना तुम्हीच गप्प बसवलंत," तोफ म्हणाली. "आणि लंबूच्या गिटारच्या अॅम्पचा प्लग? त्यांना मोडका सापडला. तिसरी पिन नव्हती त्याला. तुमच्या माणसांनी तुडवला तो."

"माझ्या माणसांनी?" मालक कडवट हसला. "पोरगा पडला तेव्हा माझी माणसं त्याची छाती दाबत होती. प्लग तुडवायला वेळ कुणाला होता?"

तोफ वळली आणि तरातरा चालू लागली. आत्याने तिला कोपऱ्यावर गाठलं.

"मूळ फाइल फोनमध्ये आहे तुझ्या?"

"आहे."

"तर मग हातोड्याकडे चल. आणि मी बोलत असताना मध्ये ओरडलीस तर सख्खी आत्या आहे हे विसरेन."

५

तालमीची खोली म्हणजे एका सुताराच्या कारखान्यामागची वखार. हातोड्या ड्रमच्या मागे बसला होता. आम्ही दिसताच त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. अंगापिंडाने असा, की ड्रम त्याच्यापुढे वाट्यांसारखे दिसतात. लंबूचा शाळेपासूनचा मित्र. तोफेच्या घरी तिसरं पोर म्हणून वाढलेला.

"हातोड्या, मला एक सांग," आत्या म्हणाली. "गर्दीच्या खोकल्याला ताल असतो का रे?"

त्याने एका हाताने झांज दाबून धरली.

"नसतो. माणसं मनाला येईल तेव्हा खोकतात. पण त्या ठिगळात खोकला परत येतो तो बरोबर गाण्याच्या समेवर. मी टेबलावर ठेका धरून पाहिलं. मामाने कापलं असतं तर कुठेही कापलं असतं, त्या माणसाला टाळीसुद्धा ठेक्यात वाजवता येत नाही. कानसेनने कापलं असतं तर ठिगळ दिसलंच नसतं. आणि त्याला चोरून कापायची गरजही नव्हती. ही कात्री अशा माणसाने चालवली, की ज्याचा हात ठरवूनसुद्धा तालाबाहेर पडत नाही."

"हातोड्या?" तोफेचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "तू? त्याचा आवाज तू काढलास?"

"लंबूचा आवाज गुणगुणीत अडकला होता, म्हणून गेला," आत्या म्हणाली. "याला काढायची होती ती गुणगुण. नीट सांगायचं तर, गुणगुण थांबण्याचा क्षण. ऐक. गिटारचा अॅम्प आणि माइकचं यंत्र, दोन्ही वेगवेगळ्या जागी अर्थिंगला जोडलेले असले की स्पीकर कधी कधी असा गुणगुणतो. कान किटतात, पण माणूस मरत नाही. उलट, अर्थिंग जिवंत असल्याची ती खूण. वादक मंडळींना मात्र ती खपत नाही. मग ती काय करतात? प्लगची तिसरी पिन उडवतात. गुणगुण बंद! आणि अॅम्पमध्ये काही बिघडलं तर वीज जमिनीत जायची वाटही बंद. मग ती गिटारच्या तारांमध्ये येऊन बसते. कुणी माइकला ओठ लावेपर्यंत."

"रेडिओवर आमच्या एका वादकाने हेच केलं होतं," मी म्हणालो. "त्याला हाकलला. जिवंत होता, म्हणून हाकलता आला."

"मालकाच्या भिंतीत अर्थिंग होतं," आत्या म्हणाली. "गुणगुण हीच त्याची साक्ष. ती साक्ष तुझ्याच गाण्यात होती, पोरी. ऐकणाऱ्या हजारांतल्या एकाला तरी कळलं असतं. म्हणून ती गेली. पिन कुणी तोडली, हातोड्या?"

हातोड्याने मांडीवरच्या काठ्या जमिनीवर ठेवल्या.

"लंबूनेच," हातोड्या म्हणाला. "पक्कड माझी होती. त्याने हात पुढे केला, मी दिली. नेहमी द्यायचो. अर्ध्या हॉलांत आम्ही असंच करायचो. काही व्हायचं नाही."

"आणि वर्षभर तू बोलला नाहीस?"

"काय बोलू? तू म्हणालीस म्हणून त्याने तोडली. 'भोंगा बंद कर, नाहीतर गात नाही.' तुला कळलं असतं तर तू जगली नसतीस. मी तुला वाचवलं."

"मला?" तोफ उठली. झांजेचा स्टँड तिने लाथेने उडवला. "मला वाचवलंस की स्वतःला?"

"दोघांनाही."

"आणि मी त्या माणसाच्या नावाने बोंबलत होते, त्याची पोरगी शाळेत हात दाखवत होती, तेव्हा तू माझ्या मागे बसून ठेका धरत होतास! एकदा चुकला नाहीस रे! एकदा तरी हात थरथरायचा!"

तोफेने त्याला मारलं नाही. मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, हे तिला कळलं असावं. ती आत्याकडे वळली. डोळे कोरडे आणि लाल होते.

"आणि तू? तुला केव्हा कळलं? मी सांगितलं तेव्हाच ना? माझाच आवाज होता त्यात, म्हणून आडवळणं घेत बसलीस?"

"शंका आली होती," आत्या म्हणाली. "मामाकडे पोचेपर्यंत वाटत होतं की मी चुकत असेन. तशी आशा होती."

खिडकीतलं ऊन कलायला लागलं होतं. हॉलच्या दिशेने लाउडस्पीकर तपासल्याचा आवाज आला.

६

हॉलसमोरचा रस्ता माणसांनी फुगला होता. मी गर्दी मोजायच्या भानगडीत पडत नाही. एवढंच सांगतो, की माझी चप्पल निघाली आणि खाली पडायला जागा नसल्याने ती माझ्याबरोबर उभ्यानेच चालत आली. तोफ दिसली तशी जी आरोळी उठली, ती मला माझ्या सगळ्या पत्र्यांनी मिळूनही काढता आली नसती. पायऱ्यांवर माइक तयार होता. कडवं आधीच सुरू झालं होतं. हॉलच्या दारामागे मालक उभा होता, काचेतून त्याचा शर्ट दिसत होता.

तोफेने हात वर केला. सगळे थांबले.

"गाणार नाही," ती म्हणाली. "ऐकवणार आहे."

तिने फोन माइकला लावला. गुणगुण रस्ताभर पसरली. मग तिचा आवाज. मग लंबूचं हसणं. 'ताईसाहेबांचा हुकूम!' गुणगुण थांबली. शिट्ट्या. झंकार.

मग तिने सांगितलं. पिन, पक्कड, अर्थिंग, हुकूम. कुणालाही सोडलं नाही, स्वतःला तर नाहीच. "या भिंतीत काही नव्हतं. तुम्हाला मी खोटं गाणं दिलं. मला खरं वाटत होतं, पण तरी खोटंच. आता घरी जा."

घरी कोण जातो? आधी कुणाला समजलंच नाही. मग एक पोरगी ओरडली, "मालकाने विकत घेतली हिला!" दुसरा म्हणाला, "किती घेतलेस?" पाण्याची बाटली आली, मग बूट आला. तोफ बाजूला झाली नाही. बूट खांद्याला लागला. मामा गर्दीत शिरून हातवारे करत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या पाया पडत नव्हता. त्याने पेट्रोलचा डबा आणणारा शोधून काढला आणि डब्यावर चक्क बसला. जे गाणं म्हणून लोकांना महिनोन्महिने रागावता आलं असतं, ते तिने आपल्या हाताने मोडलं होतं. याचा राग त्यांना गाण्याच्या रागापेक्षाही जास्त आला. शिव्या देत देत ते पांगले. थोडे थांबले, तमाशा बघायला.

तेव्हा दार उघडलं आणि मालक बाहेर आला.

मला वाटलं, आता आभार मानेल. पाणी तरी विचारेल. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"झालं?" तो म्हणाला. "मन मोकळं झालं तुमचं?"

"नाही."

"तुम्हाला राग आला, तुम्ही गाणं केलंत. गिटार होती, ढोल होते, लोक होते. उद्या याचंही गाणं कराल, 'मी चुकले' म्हणून, आणि लोक तेही म्हणतील. मला राग आला तर मी काय करू? मला गाता येत नाही, बाई!"

आत्याने पुढे व्हायला पाऊल उचललं. मी तिचा पदर धरला.

तोफेने माइक स्टँडवरून काढला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने माइककडे पाहिलं, जणू कुणी हातात साप दिलाय. मग तोंडाशी नेला. सुरुवातीला नुसता श्वास ऐकू आला. मग तो बोलू लागला. चिरका, फाटका आवाज, मध्येच तुटणारा. मुलीबद्दल बोलला, रंग पुसून सोललेल्या हातांबद्दल, बोलणं टाकलेल्या सख्ख्या भावाबद्दल. शिव्या अशा दिल्या की मी माझ्या वयात नवीन शिकलो. लंबूची छाती दाबताना त्याच्या बरगडीचा आवाज आला होता, तेही सांगितलं. वाक्याला वाक्य जुळत नव्हतं. थांबलेल्यांपैकी काही निघून गेले. टाळी कुणी वाजवली नाही.

तोफ एक पायरी खाली, त्याच्यासमोर उभी होती. एकदाही नजर वळवली नाही तिने.

शेवटी त्याला धाप लागली. माइक खाली आला.

"पुढे?" तोफ म्हणाली. "अजून आहे ना? बोला."